आज्ञावलीचे परावलंबन

मांजरीच्या श्रोत्यांपुढे संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलायचे, तर आरंभ द्राक्षापासून करणे सोयीचे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून येथे आहे, द्राक्ष बागायतदार संघाचे कार्यालयही येथेच. त्यामुळे वरची वेल एका जातीची आणि जमिनीखालचे मूळ दुसऱ्याच जातीचे, ही गोष्ट येथे कोणास नवलाची वाटणार नाही. पाणी कमी पडू लागले, जमिनी खारवू लागल्या, तेव्हा आपल्या बागायतदारांनी थॉमसन सीडलेस स्वतःच्या मुळावर लावण्याचे हळूहळू सोडले आणि डॉगरिजच्या खुंटावर ते कलम भरू लागले. डॉगरिज ही मूळची टेक्सासकडची. द्राक्ष खाणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नसते. पण पाणी शोषून वर देते ती. बँकेची, रेल्वेच्या तिकिटाची, वीजबिलाची आज्ञावली आपण रोज वापरतो. तिचीही स्थिती अशीच आहे. तिच्यातला थोडा भाग तिच्या कर्त्याने लिहिलेला असतो आणि उरलेला, बहुधा कितीतरी मोठा भाग, अनोळखी माणसांच्या खुंटावर उभा असतो.

दुसऱ्याने लिहिलेले घेण्याची रीत संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली एड्सॅक हे यंत्र मे 1949 मध्ये चालू झाले. लवकरच असे ध्यानात आले की, वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे यांसारखी कामे प्रत्येक गणितात येतात आणि प्रत्येक जण ती नव्याने लिहिताना नव्या चुका करून ठेवतो. मग डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाच्या पुढाकाराने अशा नेहमीच्या कामांच्या छोट्या आज्ञावली कागदी पट्ट्यांवर छिद्रे पाडून तयार झाल्या व त्या कपाटात लावून ठेवण्यात आल्या. ज्याला हवी त्याने पट्टी काढावी, आपल्या पट्टीवर तिची नक्कल उतरवावी आणि मूळ पट्टी जागच्या जागी ठेवावी. 1951 मध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी या पद्धतीवर पुस्तकच प्रसिद्ध केले. त्या कपाटाविषयी एवढे लक्षात असू द्यावे की, पट्टी लिहिणारा आणि घेणारा एकमेकांना तोंडओळखीने तरी जाणत होते. चूक निघाली, तर जाऊन विचारता येत होते.

पुढे कपाट गेले आणि त्याच्या जागी जगभर पसरलेले जाळे आले. 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हा उपक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक आज्ञावली एका गाठोड्यात बांधलेली असे व गाठोड्यावर लिहिलेले असे की, हे चालण्यास अमुक दुसरे गाठोडे लागेल. परंतु ते दुसरे आणायचे कोणी? वापरणाऱ्याने. त्याने ते आणावे, तर त्यावर तिसऱ्याचे नाव असायचे. तिसरे आणावे, तर ते नेमके नव्या आवृत्तीचे निघायचे आणि पहिल्याला जुनी हवी असायची. या फेऱ्यास त्या मंडळींनी अवलंबनाचा नरक असे नाव दिले होते, आणि ज्यांनी तो भोगला त्यांना त्यात अतिशयोक्ती दिसत नाही. 1998 मध्ये डेबियनच्या मंडळींनी एपीटी नावाचे साधन पुढे आणले. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, पाहिजे त्या गाठोड्याचे नाव द्यायचे. त्याला काय काय लागते, त्या लागणाऱ्यांना आणखी काय लागते, हा सगळा हिशेब यंत्रच करते आणि सर्व काही उतरवून घेते. पर्लच्या लेखकांचे भांडार 1995 पासून होतेच; पुढे पायथॉन, रुबी यांचीही झाली, आणि 2010 मध्ये जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आले.

आज एखादा तरुण एनपीएमची आज्ञा देतो, तेव्हा तीन गोष्टी घडतात. त्याच्या प्रकल्पाच्या यादीत त्या गाठोड्याचे नाव चढते. गाठोडे व त्याचा सारा गोतावळा यंत्रावर उतरतो. आणि एका दुसऱ्या, लांबलचक यादीत प्रत्येकाची नेमकी आवृत्ती व तिची खूणगाठ नोंदली जाते, म्हणजे उद्या दुसऱ्या यंत्रावर तेच आणि तेवढेच उतरावे. पहिल्या यादीत दहा नावे असली, तर दुसरीत शेकडो असणे नित्याचे आहे. पहिली यादी माणूस लिहितो, म्हणून ती तो वाचतो. दुसरी यंत्र लिहिते, आणि ती बहुधा कोणीच वाचत नाही. सगळे मर्म येथे आहे.

हे सारे दूरदेशीचे प्रकरण आहे असे मात्र समजू नये. आपली मराठी अक्षरेही याच मार्गाने पडद्यावर येतात. 1988 मध्ये पुण्यास सी-डॅकची स्थापना झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट हे भारतीय लिप्यांचे काम तेथे पुढे चालले. त्या काळी देवनागरीसाठी संगणकात एक वेगळे कार्ड बसवावे लागे; ते विकत आणावे, तेव्हा अक्षर दिसे. नंतर निरनिराळ्या विक्रेत्यांचे निरनिराळे फॉन्ट आले आणि एकाने टंकलेले दुसऱ्याकडे निरर्थक चिन्हांची रांग होऊन पोहोचू लागले. युनिकोडने अक्षरांचे क्रमांक सर्वांसाठी एक केले. मुक्तपणे वाटता येईल असा फॉन्ट हवा होता, तो लोहित या नावाने आला. ही अक्षरे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडविली, रेड हॅट कंपनीने ती खुली केली आणि 2011 पासून ती मुक्त फॉन्टच्या परवान्याखाली आहेत. (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावातही तांबडी टोपी आहे.) आज लिस्बनमधल्या कोणी एक ओळ टंकली, तर पुण्यात घडलेली ही अक्षरे त्याच्या यंत्रावर उतरतात. तेव्हा आपण केवळ घेणारेच आहोत असे नाही, देणारेही आहोत.

पण नुसत्या फॉन्टने भागत नाही. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" या दोन शब्दांतला भेद मराठी माणसाला कळतो. पंगतीत तर त्याचे फार महत्त्व. हा भेद पडद्यावर दाखविणे हे हार्फबझ नावाच्या आज्ञावलीचे काम. कोणते अक्षर कोणाला कसे जोडायचे, ऱ्हस्व वेलांटी कोठे न्यायची, हे ती ठरविते. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे, आणि तिच्या नावातला हर्फ म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतला हरफ, अक्षर. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सर्वत्र तीच आहे. मराठीत एक ओळ दाखविणारी आज्ञावली लिहिणाऱ्यास तिचे नाव बहुधा ठाऊकही नसते. कोणत्यातरी गाठोड्याच्या मागून ती आपोआप येते. ती बिघडली तर आचार्य आणि आचारी दोघेही बिघडतील.

बिघडते तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. 22 मार्च 2016 रोजी अझेर कोचुलू या लेखकाने एनपीएमच्या भांडारातून आपली सर्व गाठोडी काढून घेतली. एका गाठोड्याच्या नावावरून किक या कंपनीशी त्याचा वाद झाला होता आणि भांडाराने ते नाव कंपनीला दिले होते. काढलेल्यांत लेफ्ट-पॅड नावाचे 11 ओळींचे एक गाठोडे होते. दिलेल्या मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, इतकेच त्याचे काम. शाळेतला हुशार मुलगा ते दुपारी लिहून देईल. पण मोठमोठ्या आज्ञावल्या, तिसऱ्या-चौथ्या हाताने, त्यावर टेकलेल्या होत्या. ठिकठिकाणची कामे अडली आणि भांडाराला ते गाठोडे लेखकाच्या इच्छेविरुद्ध परत ठेवावे लागले. माझ्या मते त्याचा राग समजण्यासारखा होता. आश्चर्य वाटावे ते एवढ्याचेच की, 11 ओळीही कोणाला स्वतः लिहाव्याशा वाटल्या नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एक्सझेड ही माहिती दाबून लहान करणारी आज्ञावली फिनलंडचे लासे कोलिन बहुतांशी एकट्याने, विनामूल्य सांभाळीत होते. जिया तान असे नाव घेतलेल्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना मदत केली, विश्वास मिळविला, शेवटी प्रकाशनाचा अधिकारही मिळविला आणि 2024 च्या आरंभी 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्यासाठी जी आज्ञावली जगभर वापरतात, तिला मुळात एक्सझेडची गरजच नव्हती. काही वितरकांनी तिला दुसऱ्या एका साधनाशी जोडले होते आणि त्या साधनाला एक्सझेड लागत होते. एवढ्या आडवाटेने चोर दाराशी पोहोचला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने शोध घेतला आणि 29 मार्च 2024 रोजी हा प्रकार जाहीर केला. डेबियन व फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत ते पोहोचले होते. सर्वसामान्यांच्या आवृत्त्या थोडक्यात वाचल्या.

कॅलिफोर्नियातील द्राक्षवाल्यांनी हे आधीच भोगले आहे. तेथे एएक्सआर-1 या एकाच खुंटावर मैलोगणती बागा उभ्या होत्या. 1980 नंतर मुळे पोखरणाऱ्या फायलॉक्सेरा किडीपुढे तो खुंट टिकला नाही आणि नापा खोऱ्यात बागाच्या बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. वरची वेल कोणत्या जातीची आहे याने काहीच फरक पडला नाही.

आता सरकारे जागी झाली आहेत. अमेरिकेने मे 2021 मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने, आपल्याकडे सेबीने ऑगस्ट 2024 मध्ये आणि सर्ट-इनने त्याच वर्षी ऑक्टोबरात, आज्ञावलीत कोणकोणती परकी गाठोडी आहेत याची यादी ठेवण्याविषयी सांगितले. यादी हवीच; दुकानातल्या लोणच्याच्या बरणीवरही ती असते. शेजारी हडपसरात, मगरपट्ट्यात, हजारो तरुण रोज ती एक ओळ टंकतात, आणि आता त्यांना या याद्याही सादर कराव्या लागतील. परंतु गाठोडे कोणते हे यादी सांगते. ते कोण सांभाळतो, तो एकटा आहे काय, थकला आहे काय, हे तिच्यात येत नाही. मार्च 2024 मध्ये अशी यादी कोणी काढली असती, तर तिच्यात एक्सझेडचे नाव बरोबर आले असते, आवृत्ती 5.6.1 अशी बरोबर आली असती, आणि प्रकाशकाची सहीही जुळली असती. कारण ती सही खुद्द जिया तानचीच होती.