रस्ता सर्वांचा

जून १९२८ मध्ये पोर्तुगालने वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा मात्र डावीकडूनच चालत राहिला. कारण सीमेपलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला, गाड्या डावीकडून धावत. राज्य लिस्बनचे असले तरी नियम ठरला तो समोरून येणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून.

तेव्हा पेडणे-डिचोलीत मोटारी थोड्या. पोदेर, शाळकरी मुले, मास्तर यांची सायकल हीच गाडी. १९६१ च्या मुक्तीनंतर वाहने वाढत गेली. डिचोलीत २०१२ च्या खाणबंदीपर्यंत खनिजाच्या ट्रकांच्या रांगा लागत, आणि सायकलवाल्याला रस्त्याखाली उतरावे लागे. पेडण्यात २०२३ पासून मोपा विमानतळाच्या गाड्यांची वर्दळ आहे.

मोटारवाला म्हणतो, सायकल मध्ये येते. सायकलवाला म्हणतो, मला कडाच उरली नाही. आमचे गावरस्ते अरुंद, त्यामुळे दोघांचेही खोटे नाही. पण धक्का लागला तर पत्रा एकाचा चेपतो आणि हाड दुसऱ्याचे मोडते. म्हणून आधी थांबायचे ते मोटारवाल्याने.

चवथीला माटोळीच्या बाजारात जाताना आपल्यापुढे पोदेराची सायकल असली, तर हॉर्न न वाजवता आपण सावकाश जाऊ. शेजाऱ्याकडे पाहून चालण्याची आमच्या रस्त्याची रीत जुनीच आहे.