ग्वाल्हेरची छोटी गाडी आणि पुण्याचे छोटे शहर

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृह पाहिले नाही असे मराठी घर मध्य प्रदेशात विरळाच असेल. झुंबरांकडे मान वर करून झाली की लहान-थोर सारेच टेबलाभोवती गोळा होतात. तेथे रुळांवर चांदीची एक आगगाडी उभी असते. तिच्या सात डब्यांवर ‘सिंदिया’ या इंग्रजी नावाची सात अक्षरे क्रमाने असून वर काचेची पात्रे मांडलेली आहेत. जेवण आटोपल्यावर मद्य आणि चिरूट घेऊन ही गाडी पाहुण्यांपुढून फिरे. कोणी पात्र उचलले की थांबे आणि ते परत ठेवले की पुढे निघे. आम्ही ती प्रथम पाहिली तेव्हा आमच्या मनात राजवैभवाचा विचार आलाच नाही. पात्र उचलताच गाडीला कसे बरे कळत असेल, एवढेच कुतूहल होते. आगगाडीचा छंद बहुधा अशाच एखाद्या प्रश्नापासून लागतो.

ही गाडी करवून घेणारे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांची हौस मात्र टेबलापुरती नव्हती. तरुणपणीच त्यांनी राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रूळ टाकवून छोटी गाडी सुरू केली होती. इंजिन स्वतः चालवण्याची त्यांना आवड होती. या खेळाचाच विस्तार होऊन ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ उभी राहिली. १८९९ साली भिंड आणि शिवपुरी या दोन्ही बाजूंचे मार्ग खुले झाले. १९०४ मध्ये तिसरा फाटा सबळगढपर्यंत गेला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. हा शेवटचा मार्ग सुमारे २०० किलोमीटरचा. खेळण्यातून खरी रेल्वे जन्माला आल्याचे असे उदाहरण जगात फारसे सापडणार नाही. १९५१ साली हे सारे मध्य रेल्वेत विलीन झाले. भिंड आणि शिवपुरीकडील छोटे रूळ पुढे गेले. श्योपूरची गाडी तेवढी २०२० च्या मार्चपर्यंत धावत राहिली. महामारीमुळे ती थांबली ती कायमचीच. त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर हाती घेण्यात आले.

इतिहास लिहिताना एक गोष्ट नोंदवली पाहिजे. राजाची हौस राज्याच्या तिजोरीवर पोसली जाते. चांदीची गाडी केवळ पाहुण्यांच्या कौतुकासाठी होती. दोन फुटी गाडीने मात्र दुर्गम मुलखातील माणसांना शंभर वर्षांहून अधिक काळ उपयोग दिला. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण हौस आणि लोकोपयोग यांचा हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. माधवरावांच्या बाबतीत तो हिशेब छोट्या रुळांमुळे जमेच्या बाजूला झुकतो, असे आमचे मत आहे.

सामान्य माणसाला हा छंद परवडू लागला तो युरोपात. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीतील मेर्क्लिन या खेळणी-कारखान्याने ठरावीक मापाचे रूळ आणि त्यांवर धावणाऱ्या गाड्या मांडल्या. तोवर आगगाडीचे खेळणे म्हणजे एकटी गाडी. रुळांचे माप ठरल्यावर आज इंजिन, पुढील वर्षी दोन डबे, त्यानंतर एक पूल अशी भर घालणे शक्य झाले, आणि खेळण्याचा छंद बनला. पुढे प्रमाणे निश्चित झाली. त्यांपैकी आज सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. त्यात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते.

आपल्याकडे या छंदाला खरे घर मिळवून दिले ते पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी. त्यांनी १९८२ साली पुण्यात आपल्या छोट्या गाड्यांचे प्रदर्शन भरवले, नंतर ते मुंबईलाही नेले. परंतु प्रत्येक वेळी रूळ, डोंगर, घरे, तारा उचकटून न्यायच्या आणि पुन्हा जोडायच्या, यात किती मोडतोड होत असेल याची कल्पना ज्याने गणपतीची आरास एकदा तरी उतरवली आहे त्याला सहज येईल. म्हणून त्यांनी एका जागी कायमचे छोटे शहर उभारायचे ठरवले. कोथरूडमधील ते संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे एकाच वेळी अनेक गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, रस्ते आणि पूल दिसतात. मग दालनातील दिवे मंद होतात आणि त्या शहराची रात्र उजळते. राजवाड्यातील गाडी पाहुण्यांसाठी होती. ही गाडी एका मध्यमवर्गीय मराठी माणसाने आपल्या छंदापायी, कोणाही शाळकरी मुलाला पाहता यावी म्हणून ठेवली. शंभर वर्षांत हौसेची सूत्रे कोणाच्या हाती आली, हे या दोन गाड्या शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

हा छंद परदेशी आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही दिवाळीतील किल्ल्याची आठवण करून देतो. विटा-दगड रचायचे, वर गोणपाट टाकून चिखल लिंपायचा, हळीव पेरून हिरवळ उगवायची आणि पायथ्याशी मावळे उभे करायचे, हे आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. नागपूरहून १९५६ साली राजधानीबरोबर भोपाळला आलेल्या घरांनी आणि ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेल्यांनीही सरकारी निवासांच्या अंगणात किल्ले केले. छोटी रेल्वे उभारणे हे त्याच कलेचे पुढील पाऊल होय. फरक एवढाच की किल्ल्यात मावळा बुरुजाहून उंच असला तरी चालतो. रेल्वेत चालत नाही.

निवृत्तीनंतर आम्हीही गच्चीवरील खोलीत श्योपूर मार्गावरील एक लहानसे स्थानक उभारायला घेतले, तेव्हा हे प्रमाणाचे बंधन काय असते ते समजले. मूळ रुळांची रुंदी ६१० मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ती सात मिलिमीटर होते, आणि त्या मापाची चालती यंत्रे सहजी मिळत नाहीत. नऊ मिलिमीटर रुळांची मिळतात. तेव्हा रूळ हाच आधार धरून आम्ही बाकी सर्व १:६८ या प्रमाणात आणले. मग माणूस अडीच सेंटिमीटरचा झाला, आणि आठ फुटी फळीवर खऱ्या जमिनीचे फक्त १६६ मीटर मावू लागले. दोनशे किलोमीटरच्या मार्गातून १६६ मीटर! म्हणजे काय ठेवायचे याआधी काय सोडायचे हे ठरवणे आले. इतिहासलेखकापुढेही हाच प्रश्न असतो.

पुढचे काम हातांचे. फळीवर बुचाची पातळ पट्टी, तीवर रूळ. त्याने गाडीचा खडखडाट कमी होतो. रुळांमधील खडीसाठी वाळू चाळणीने तीनदा चाळली, पसरली, आणि पाणी घातलेला पांढरा गोंद साबणाच्या एका थेंबासह ठिबकत सोडला. साबण नसेल तर गोंद वर गोळा होऊन राहतो. उंचवटे वर्तमानपत्राच्या लगद्याचे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे. पहिल्या पावसाळ्यात हवेतील दमटपणाने फळी फुगली, रूळ वाकडे झाले आणि गाडी वळणावर घसरू लागली. फळीला खालून चौकट आणि दोन्ही अंगांनी रंग दिल्यावर ते थांबले. माती म्हणून चहाचा वाळवलेला चोथा वापरला, झाडांना घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची पाने केली. या कामात सौभाग्यवतींचा वाटा आमच्याहून अधिक आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

स्थानक तयार झाल्यावर ग्वाल्हेरच्या आत्याबाई पाहावयास आल्या. वय नव्वदीच्या घरात. माहेरपणाला त्या याच गाडीने येत-जात. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, “अरे, हा एवढा उंच ओटा कसला? आमच्या वेळी खाली जमिनीवरच उभे राहायचे. डब्याची पायरी चढताना नऊवारीचा काठ सांभाळावा लागे.” आम्ही भोपाळच्या मोठ्या स्थानकांवरील फलाट डोळ्यांसमोर ठेवून तो केला होता. कागदपत्रांतून वर्षे आणि अंतरे मिळाली होती. पायरीची उंची तेथे कोठेच नव्हती. ती आत्याबाईंच्या गुडघ्यांना ठाऊक होती. फलाट त्याच दिवशी पटाशीने खरवडून काढला.

त्यानंतर आम्ही वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो. पाण्याची टाकी स्थानकाच्या कोणत्या बाजूला, बाकडे दगडी की लाकडी, रात्री कंदील कोठे टांगत, टपावर बसलेली माणसे उतरत कशी. काही प्रश्नांना चटकन उत्तर आले. काहींवर त्या बराच वेळ थांबल्या आणि “आता नाही रे आठवत” म्हणाल्या. पाच वर्षे आधी विचारले असते तर, ही रुखरुख आम्हांला लागून राहिली आहे. जेथे त्यांना आठवले नाही ती जागा फळीवर आम्ही रिकामीच ठेवली. अंदाजाने बाक मांडला नाही.

ग्वाल्हेरला आधी खेळणे होते, मग रेल्वे झाली. आता रेल्वे गेली आणि पुन्हा खेळण्याचीच पाळी आली आहे. राजवाड्यातील चांदीची गाडी संग्रहालयात सुरक्षित राहील, कारण ती चांदीची आहे. लोकांच्या गाडीला तसे पालक नाहीत. ती आपल्या घरांतील जुन्या छायाचित्रांत, पत्रांत आणि वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात विखुरली आहे. आपल्या समाजातील ज्या कुटुंबांत कोणी त्या मार्गावर नोकरी केली असेल, लग्नाचे वऱ्हाड नेले असेल, बदलीचे सामान वाहिले असेल, त्यांनी ते टिपून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. शब्दालंकार नकोत, पायरी किती उंच होती आणि दाराचा रंग कोणता होता, एवढे पुरे.

आमच्या फळीवरील एक बाक अजून मांडायचा राहिला आहे.