दोनशे रुपये आणि सहा महिने

गल्लीत कोणी घाण पाणी सोडलं, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याला शिक्षा होती जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड. हे कलम २९०. पण अधिकाऱ्यानं 'हे बंद करा' असा रीतसर आदेश दिल्यावरही ते चालूच राहिलं, तर कलम २९१ लागे : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. घाणीपेक्षा न ऐकणं मोठा गुन्हा! साहेबाचा स्वभावच तो. पण आदेश हाती पडल्यावर 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब उरत नाही, हेही खरं.

त्या काळी दोनशे रुपये म्हणजे मोठी रक्कम. पुढे रुपया घसरला, आकडा तसाच राहिला आणि दंडाची गंमत झाली. धाक उरला तो सहा महिन्यांचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या उपद्रवाला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आदेशानंतरच्या उपद्रवाला दंडाची मर्यादा पाच हजार, कैद मात्र तेवढीच.

पण उपद्रवाला खुद्द नगरपालिकाच जबाबदार असेल तर? माळव्यातल्या रतलाम शहरात हेच घडलं. उघडी गटारं, मद्यार्काच्या कारखान्याचं दुर्गंधीचं पाणी आणि संडास नसल्यानं रस्त्यावर बसणारी गरीब माणसं. वॉर्ड क्रमांक १२ चे रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली त्यांनी नगरपालिकेलाच आदेश दिला : सहा महिन्यांत योजना आखा. सत्र न्यायालयानं तो रद्द केला, उच्च न्यायालयानं पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, पैसा नाही. शिवाय लोक डोळे उघडे ठेवूनच तिथं राहायला आले! (वकिलाच्या फीला मात्र पैसा होता.)

२९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी ही सबब फेटाळली. स्त्री-पुरुषांसाठी वेगळे संडास, पाणी आणि दोन वेळची सफाई, हे सारं सहा महिन्यांत करा, असं बजावलं. शिवाय आदेशभंगाच्या कलम १८८ ची आठवणही करून दिली : आदेश मोडलात तर अधिकारीच नव्हे, निवडून आलेले प्रतिनिधीही शिक्षेला पात्र ठरतील.