तीन मुक्कामांची वाट

दिवाळीला लेकीला माहेरी आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, ही आपल्याकडची जुनी रीत. वाटेत बाईमाणसाबरोबर घरचे कुणी असावे, एवढाच तिच्यामागचा व्यवहार. मुसलमान समाजात याच व्यवहाराला धर्मशास्त्राचे रूप मिळाले आणि त्यावर हजाराहून अधिक वर्षे वाद चालला. त्या वादाची हकीकत आमच्या वऱ्हाडाला, वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावाला, फार जवळची आहे; म्हणून ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

प्रवासातल्या या सोबत्याला ‘महरम’ म्हणतात. नवरा, किंवा ज्याच्याशी लग्न कायमचे निषिद्ध आहे असा नातलग: बाप, भाऊ, मुलगा, चुलता, मामा. महरमाशिवाय स्त्रीने दूर जाऊ नये, अशी पैगंबरांची वचने आहेत. पण त्यांत कुठे एक दिवसाची वाट सांगितली आहे, कुठे दोन, कुठे तीन दिवसांची. हनफी पंडितांनी तीन दिवसांची मर्यादा मानली. पायी वा उंटाच्या चालीने तीन मुक्काम! हिंदुस्थानातील उलेमांनी पुढे त्याचे माप सुमारे ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटर, असे धरले. हंबली पंडित महरमावर ठाम राहिले. शाफी आणि मालिकी पंडितांनी मात्र, फर्ज असलेल्या हजसाठी विश्वासू बायकांची सोबत पुरे, असे सांगितले.

आता आपल्या महाराष्ट्रात पाहा. समुद्रमार्गे अरबांशी ज्यांचे व्यापारी संबंध जुळले ते कोकणी मुसलमान बहुतेक शाफी. वऱ्हाडातले सुन्नी मुसलमान बहुतेक हनफी. म्हणजे रत्नागिरीच्या विधवेला चार शेजारणींबरोबर हजला जाण्याची शास्त्राने मोकळीक आणि आसेगावच्या विधवेला मनाई! कुराण एक, काबा एक. पण वाट दोघींची निराळी.

आसेगावाहून मंगरूळपीरला, हयात कलंदरांच्या दर्ग्याला जायचे, तर ती वाट तीन मुक्कामांच्या आतली. नागपूर मात्र त्या मापाबाहेरचे. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि कित्येक मुक्कामांची वाट एका दिवसावर आली. तेव्हा मोजायचे काय, दिवस की मैल? बहुतेक उलेमांनी मैलच धरले. मला विचाराल तर मोजायचे होते ते वाटेतले भय.

ही माझी पदरची गोष्ट नव्हे. बुखारींच्या हदीससंग्रहात अदी बिन हातिम यांची कथा आहे. पैगंबरांनी त्यांना सांगितले होते की, एक दिवस हिरा शहराची स्त्री ईश्वराखेरीज कोणाचेही भय न बाळगता काब्यापर्यंत प्रवास करील. आणि अदींनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला. पुढे ६४४ साली खलिफा उमर यांनी पैगंबरांच्या पत्नींना हजला धाडले, ते उस्मान आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या सोबतीने. विरोधक यावर म्हणतात, त्या तर साऱ्या श्रद्धावंतांच्या माता. त्यांना परका कोण? उत्तर बिनतोड नाही, पण वाद दोन्ही बाजूंनी शास्त्राच्या आतलाच आहे, हे त्यावरून दिसते.

कामधंद्याचेही तसेच. खदीजा स्वतः व्यापार करीत. स्त्रीची कमाई स्त्रीच्याच मालकीची, यात मतभेद नाही. घराबाहेर पडायला नवऱ्याची संमती मात्र जुन्या ग्रंथांनी मागितली. तरीही सुईणीला काही हनफी पंडितांनी सूट दिली, कारण बाळंतीण वाट पाहत बसत नाही. वऱ्हाडात कापूस वेचायला गरिबाघरच्या मुसलमान बायका शेजारणींच्या बरोबरीने जातात. तिथे फतवा कुणी विचारीत नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमेचे नाव येते, ते कामाचा भार सोसणारी सोबतीण म्हणून.

२०१८ पासून भारतातून ४५ वर्षांवरील स्त्रियांना चार किंवा अधिक जणींच्या गटाने महरमाशिवाय हजला जाण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच की त्यांच्या पंथाची त्याला मान्यता असावी. म्हणजे शाफींची चार शेजारणींची सोय सरकारी नियमात आली. २०२२ साली सौदी अरबस्तानाच्या हजमंत्र्यांनी महरमाची अट नाही असे जाहीर केले आणि २०२३ साली भारतातून अशा चार हजारांहून अधिक स्त्रिया हजला गेल्या.

तरीही हजची वाट आयुष्यातून एकदाची. शिक्षणाची वाट रोजची. आसेगावच्या एखाद्या मुलीला नागपूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर घरात प्रश्न निघणारच. तिच्या बापाने मौलवींना मैल जरूर विचारावेत. पण त्याआधी एस. टी. रात्री किती वाजता पोचते, वसतिगृह कसे आहे आणि बरोबर गावची आणखी कोण मुलगी आहे, हे विचारावे. शाफी पंडितांनीही, दुसऱ्या शब्दांत, हेच विचारले होते.