रुमाल आणि कंडक्टर

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या निकालाची फाईल दोघांनी एकाच वेळी उघडली, एकाने विंडोजवर, दुसऱ्याने लिनक्सवर. अर्ध्या वर्गाचे गुण उडाले.

"फाईलला कुलूप नव्हतं?" मी भाच्याला विचारलं.

"दोन होती मामा. पण एकमेकांना ओळखत नव्हती."

इतिहासाचा मास्तर मी, मुळाशी गेलोच. आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांचं एसएमबी आणि सन मायक्रोसिस्टिम्सचं एनएफएस, दोन्ही १९८०च्या दशकातली. एसएमबीत फाईल उघडतानाच 'दुसऱ्याला लिहू देऊ नका' असं सांगता येतं आणि सर्व्हर ते पाळायला लावतो, कंडक्टरने आरक्षित सीट राखावी तसं. एनएफएसच्या सर्व्हरने मात्र कुणी काय उघडलंय हे लक्षातच ठेवायचं नाही, असं मुद्दाम ठरवलं होतं. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चालावं म्हणून! कुलपासाठी वेगळा प्रोग्राम. युनिक्सचं कुलूपही बहुधा एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. मानणारा मानतो, न मानणारा खुशाल बसतो.

१९९१च्या अखेरीस कॅनबेऱ्यात अँड्रू ट्रिजेल यांनी पुढे सांबा झालेलं काम सुरू केलं. त्यामुळे युनिक्सवरची फाईल विंडोजलाही मिळू लागली. म्हणजे घर एक, दारं दोन. सांबा 'कुणी काय उघडलंय' याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवी. एनएफएसच्या दाराने येणाऱ्याला ती वही दिसतच नसे. २०००च्या एनएफएस आवृत्ती ४ने विंडोजसारखी मनाई आत घेतली, तरी दोन्ही वह्या जुळवणं सर्व्हरवाल्याकडेच राहिलं.

आमचे गुण माझ्या हाती लिहिलेल्या वहीवरून पुन्हा भरले. दोन रात्री लागल्या.