बाटलींतील साक्ष

पुंडलिकनगरांत नळाला पाणी आलें कीं घरोघर भांडीं भरण्याची लगबग उडते. तें पिण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या घाईंत सहसा कोणी विचारीत नाहीं. पैठणच्या नाथसागरांतून सुमारें पन्नास किलोमीटर चालून आलेलें हें पाणी शुद्ध करूनच सोडतात, असा सर्वांचा भरंवसा. हा भरंवसा उभा आहे तो एका लहानशा बाटलीवर.

पूर्वीं असें नव्हतें. ह्याच शहरासाठीं मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं डोंगराकडील पाणी जमिनीखालून नहर बांधून आणलें. डोळ्यांस नितळ व जिभेस गोड, एवढीच त्या काळीं पाण्याची परीक्षा. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कोख यानें कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचा जंतु दाखवून दिला, तेव्हां ह्या परीक्षेचा निभाव लागला नाहीं.

तेव्हांपासून बाटलीचें महत्त्व वाढलें. जंतुपरीक्षेसाठीं ती निर्जंतुक केलेली असावी लागते. नळाच्या पाण्यांतील क्लोरिनाचा प्रभाव नाहींसा करण्यासाठीं तींत आधींच सोडियम थायोसल्फेट घालतात. नाहींतर वाटेंतच जंतु मरून दूषित पाणी निर्दोष ठरावयाचें! नदीवर बाटलीचें तोंड प्रवाहाकडे धरून, पृष्ठभागाच्या खालून पाणी घ्यावें व बर्फांत ठेवून चोवीस तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावें. प्राणवायु मोजावयाचा असल्यास आंत बुडबुडा राहूं देऊं नये, आणि विंकलरनें १८८८ सालीं सांगितलेलीं द्रव्यें कांठावरच मिसळावीं. तासभर उन्हांत राहिलेल्या बाटलींतील आंकडा नदीचा उरत नाहीं.

पाण्यांतील घाण कुजतांना किती प्राणवायु खाते, ह्याची कसोटी इंग्लंडच्या सांडपाणीविषयक शाही आयोगानें १९१२ सालीं घालून दिली. त्यासाठीं बाटली पांच दिवस ठेवावयाची. कारण त्या देशांतील नद्या तेवढ्या अवधींत समुद्रास मिळतात, असें सांगतात. त्र्यंबकेश्वरीं उगम पावून पूर्वसमुद्र गांठणाऱ्या गोदावरीस हें माप कसें लागू पडावें? शिवाय आपल्याकडील उष्ण पाण्यांत कुजण्याची क्रिया त्वरेनें होते. म्हणून पुढें आपल्या देशांत २७ अंशांवर तीन दिवस हें माप रूढ झालें. पण त्यास बराच काळ जावा लागला, हें आम्हांस थोडें लाजिरवाणेंच वाटतें.

महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीं केला. देशाचा १९७४ सालीं झाला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मालकासमक्ष दोन भागांत विभागून, मोहोरबंद करून, उभयतांच्या सह्यांनिशीं पाठवावा लागतो. ही रीत चुकल्यास परीक्षेचा निकाल न्यायालयांत पुरावा म्हणून चालत नाहीं. नाथसागराचें उद्घाटन त्यानंतर दोन वर्षांनीं, १९७६ सालीं झालें.