वशिल्याचे तट्टू आणि परीक्षेचा कागद

दिवाळीच्या फराळाला चार नातेवाईक जमले की कुणाचा मुलगा कुठे चिकटला हा विषय निघाल्याशिवाय राहात नाही. नोकरी सरकारी असेल तर लागलीच दुसरा प्रश्न येतो, "कुणाच्या ओळखीने?" मराठीत वशिल्याच्या तट्टूची चेष्टा पुष्कळ होते, पण ती करणारे आपल्या तट्टूसाठीही दाणापाणी शोधीत असतातच. तरीही आपल्याकडे वशिला ही निदान आवाज खाली करून बोलण्याची गोष्ट आहे. एके काळी अमेरिकेत मात्र तो राज्यकारभाराचा राजरोस शिरस्ता होता. हा शिरस्ता मोडला तो त्याचा सर्वांत अधिक लाभ घेणाऱ्या लोकप्रतिनिधींनीच, आणि तेही एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन पक्षांनी मिळून. ही गोष्ट घडली कशी, ते पाहण्यासारखे आहे.

१८२९ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाला. तो सामान्य माणसांचा पुढारी. त्याचे म्हणणे असे की सरकारी कामे काही ब्रह्मविद्या नव्हेत. कोणताही शहाणासुरता मनुष्य ती करू शकतो. मग त्याच त्याच घराण्यांनी वर्षानुवर्षे खुर्च्या का अडवून ठेवाव्यात? विचार वाईट नव्हता. परंतु खुर्च्या रिकाम्या करावयाच्या, तर त्यांवर बसवावयाचे कुणाला? अर्थात ज्यांनी निवडणुकीत घसा कोरडा केला त्यांना! १८३२ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर मार्सी यांनी भर सभागृहात सांगून टाकले की लढाईतली लूट जिंकणाऱ्याची असते. तेव्हापासून या पद्धतीला 'लुटीची पद्धत' हेच नाव पडले.

पुढील पन्नास वर्षे अमेरिकेत सत्ता पालटली की टपालमास्तरापासून जकातघरातल्या वजनदारापर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा उठे. नवा अध्यक्ष शपथ घेतो न घेतो तोच नोकरी मागणाऱ्यांची रांग त्याच्या दारी लागे. लिंकनची एक आख्यायिका सांगतात. यादवी युद्धाच्या धामधुमीतही उमेदवार त्याची पाठ सोडीत नसत. १८६३ च्या अखेरीस त्याला सौम्य देवी आल्या, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की आता प्रत्येकाला देता येईल असे काहीतरी माझ्याजवळ आहे!

नोकरी फुकट मिळत नसे हे सांगणे नकोच. निवडणूक जवळ आली की पक्षाची चिठ्ठी कचेरीतल्या टेबलावर येई आणि पगारातला काही हिस्सा पक्षनिधीत भरावा लागे. १८८२ सालीसुद्धा रिपब्लिकन पक्षाच्या समितीने सरकारी नोकरांकडे वेतनाच्या दोन टक्के मागितले होते. नाव 'ऐच्छिक वर्गणी' असे. न देणाऱ्याचे पुढे काय होते, ते कारकुनाला कुणी समजावून सांगावे लागत नसे.

या पद्धतीचे मोठे तीर्थक्षेत्र म्हणजे न्यूयॉर्कचे जकातघर. देशाच्या जकातीचा मोठा भाग तेथे गोळा होई. त्याचा मुख्य अधिकारी १८७१ पासून चेस्टर आर्थर नावाचा गृहस्थ होता. उंचापुरा, ऐटबाज, उत्तम कपड्यांचा शौकीन. सिनेटर रॉस्को काँकलिंग याच्या गटाचा तो पक्का माणूस, आणि त्या गटाच्या माणसांची सोय लावणे हे त्याचे खरे काम. अध्यक्ष हेज याने चौकशी करवून १८७८ मध्ये त्याला जागेवरून दूर केले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १८७१ मध्ये ग्रँटच्या कारकिर्दीत परीक्षा घेण्यासाठी एक आयोग नेमला गेला. पण काँग्रेसने पैसाच देणे बंद केले, आणि १८७५ मध्ये त्याचे काम थांबले. त्या आयोगावर काम केलेले न्यूयॉर्कचे वकील डॉर्मन ईटन यांना हेजने इंग्लंडातील पद्धत पाहून यावयास सांगितले. त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे आपल्या देशाचा धागा येऊन मिळतो. इंग्लंडला खुल्या परीक्षेची वाट दाखविणाऱ्यांत हिंदुस्थानचा कारभार होता. कंपनीच्या संचालकांनी आपल्या भाच्यापुतण्यांना येथे पाठवावे, ही चाल १८५३ च्या कायद्याने बंद झाली आणि १८५५ पासून लंडनमध्ये सनदी नोकरांची परीक्षा सुरू झाली. इंग्लंडातल्या कचेऱ्यांसाठी तशीच शिफारस १८५४ मध्ये ज्या दोघांनी केली, त्यांतले सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन हे हिंदुस्थानात कंपनीची चाकरी करून गेलेले, आणि मेकॉलेचे मेहुणे. त्या लंडनच्या परीक्षेत १८६९ साली जे चार हिंदी तरुण उतरले, त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या जोडीला मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. सात समुद्र ओलांडण्याची अट हिंदी मुलांवर अन्यायाचीच होती. पण कागदावरचे गुण गोरे किंवा काळे नसतात हे त्या चौघांनी दाखविले.

परत अमेरिकेकडे वळू. १८८० च्या निवडणुकीत रिपब्लिकन जेम्स गारफील्ड अध्यक्ष झाला. पक्षातल्या दुसऱ्या गटाचे समाधान म्हणून उपाध्यक्षपद दिले गेले ते कुणाला? जकातघरातून काढलेल्या त्याच चेस्टर आर्थरला! शपथविधीला चार महिनेही झाले नव्हते, तोच २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या इसमाने गारफील्डवर गोळ्या झाडल्या. हा गिटो नोकरी मागणाऱ्यांपैकी एक. आपण लिहिलेल्या एका भाषणामुळेच गारफील्ड निवडून आला, तेव्हा पॅरिसची वकिलात आपल्याला मिळालीच पाहिजे, असे त्याच्या डोक्याने घेतले होते. परराष्ट्रमंत्री ब्लेन यांनी अखेर त्याला झिडकारले. गिटोचे डोके ठिकाणावर नव्हते यात शंका नाही. परंतु लोकांनी पाहिले ते असे, की ज्या रांगेत हजारो शहाणे उभे होते, त्याच रांगेतून हा वेडा पुढे आला होता. अडीच महिने यातना भोगून १९ सप्टेंबरला गारफील्ड निवर्तला.

आणि आर्थर अध्यक्ष झाला. देशाने कपाळाला हात लावला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असेच सर्वांना वाटले. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या ज्युलिया सँड नावाच्या एका आजारी तरुणीने त्याला पत्र लिहिले. ओळख ना देख. पण तिने स्पष्ट कळविले की लोक तुमच्याविषयी चांगले बोलत नाहीत, तेव्हा आता तुम्हीच बदलून दाखवा. अशी तेवीस पत्रे तिने लिहिली. ऑगस्ट १८८२ मध्ये आर्थर अचानक तिच्या घरी जाऊन तिला भेटून आला. मरणापूर्वी त्याने आपले बहुतेक कागद जाळविले, पण ही पत्रे मात्र जपून ठेवली होती. जकातघरातल्या त्या ऐटबाज गृहस्थाने डिसेंबर १८८२ मध्ये काँग्रेसला संदेश पाठविला, आणि त्यात सुधारणेच्या विधेयकाला पाठिंबा दिला.

हे विधेयक आणले होते विरुद्ध पक्षाच्या माणसाने. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडल्टन. वागण्याबोलण्यात इतके सुसंस्कृत, की लोक त्यांना 'जंटलमन जॉर्ज' म्हणत. मसुदा मुख्यतः ईटन यांचा. तोपर्यंत विधेयक थंडच पडले होते. मग रिपब्लिकनांचे मन एकाएकी कसे पालटले? नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत त्यांनी प्रतिनिधिगृह गमावले होते. लोकांचा राग त्यांना कळला, हे एक. दुसरे असे, की १८८४ मध्ये अध्यक्षपदही गेले, तर आपली माणसे रस्त्यावर येतील. त्यापेक्षा कायद्याचे छत्र धरलेले काय वाईट? जॉर्जियाच्या ब्राउन नावाच्या सिनेटराने तर सुचविले की विधेयकाचे नावच बदला आणि 'आज खुर्चीवर असलेल्या रिपब्लिकनांना कायम करण्याचे विधेयक' असे ठेवा! सभागृहात हशा पिकावा असाच हा टोला. पण त्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल?

तरीही २७ डिसेंबरला सिनेटने ३८ विरुद्ध ५ मतांनी विधेयक संमत केले. ३३ सभासद मतदानाला नव्हतेच. प्रतिनिधिगृहाने ४ जानेवारी १८८३ रोजी १५५ विरुद्ध ४७ मतांनी मान्यता दिली आणि १६ जानेवारीला आर्थरने सही केली.

कायदा वाचला म्हणजे तो करणाऱ्यांना वशिल्याच्या सगळ्या चोरवाटा ठाऊक होत्या हे कळते. तीन जणांचा आयोग, पण एका पक्षाचे दोघांहून अधिक नकोत. परीक्षा खुली, आणि कामाशी संबंध असलेली. इंग्लंडप्रमाणे नुसत्या विद्वत्तेची नव्हे. निवड झाल्यावरही काही काळ उमेदवारी करून दाखवावी लागे. एका कुटुंबातील दोघे नोकरीत असतील तर तिसऱ्याला दार बंद. दारूच्या आहारी गेलेल्याला जागा नाही. सरकारी इमारतीत वर्गणी मागणे गुन्हा. आणि सर्वांत मौजेचे कलम हे की सिनेटर अथवा प्रतिनिधी यांची शिफारस, उमेदवाराची वर्तणूक आणि राहण्याचे ठिकाण यांपलीकडे, विचारात घ्यावयाची नाही. स्वतःच्या चिठ्ठीची किंमत स्वतःच शून्य करणारे असे कलम लोकप्रतिनिधींनी क्वचितच लिहिले असेल.

प्रारंभ लहानच होता. सुमारे १,३२,००० नोकरांपैकी जेमतेम १४,००० जागा कायद्याखाली आल्या. पण कक्षा वाढविण्याचा अधिकार अध्यक्षाला दिलेला होता, आणि येथेच स्वार्थ परमार्थाच्या कामी आला. जाणारा प्रत्येक अध्यक्ष आपल्या माणसांना संरक्षण मिळावे म्हणून आणखी जागा कायद्याखाली घाली. येणाऱ्याला त्या मोडता येत नसत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक नोकऱ्या परीक्षेच्या झाल्या. १८८३ मध्येच मेरी हॉइट ही तरुणी परीक्षेतून निवडली जाऊन कोषखात्यात वर्षाला ९०० डॉलरांवर कारकून झाली. या कायद्याखाली नेमली गेलेली ती पहिली स्त्री. पुढे १८८९ पासून थिओडोर रूझवेल्ट सहा वर्षे आयोगावर होता, आणि त्याने आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांशी भांडणे काढली.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. नोकरांची वर्गणी आटली, तशी पक्षांची पावले मोठ्या कंपन्यांच्या दाराकडे वळली. आर्थरला पक्षाने पुन्हा उभे केले नाही. आणि पेंडल्टन? त्यांच्याच पक्षाच्या ओहायोतील मंडळींनी १८८४ मध्ये त्यांना बाजूला सारले; निवडून येऊनही वाटायला जागा नाहीत, हा राग! गरज सरो आणि वैद्य मरो, ही रीत ओहायोतही तीच. पुढे ते जर्मनीत वकील म्हणून गेले आणि १८८९ मध्ये परदेशातच वारले. त्यांच्या कायद्याने स्थापिलेला आयोग मात्र जवळजवळ शंभर वर्षे चालला. १८८३ मध्ये नोकराला राजकारणापासून वाचविणे हा प्रश्न होता. पुढे वाचविलेल्या नोकराकडून काम कसे घ्यावे हाही प्रश्न उभा राहिला, आणि १९७८ च्या नव्या कायद्याने त्या आयोगाची कामे निरनिराळ्या संस्थांत वाटून दिली.

आपल्याकडे लोकसेवा आयोग १९२६ मध्ये आला आणि १९५० च्या राज्यघटनेने त्याला पक्के स्थान दिले. आज गावोगावच्या अभ्यासिकांतून, ज्यांच्या घराण्यात कुणी कचेरीची पायरी चढले नव्हते अशी मुले रात्र रात्र दिवे जाळीत बसतात. त्यांतल्या बहुतेकांना पेंडल्टनचे नाव ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कुणाच्या मुलाची आहे हे कळणार नाही, एवढा भरवसा त्यांना हवा असतो. तो भरवसा संतांनी दिलेला नाही. निवडणुकीला भ्यालेल्या, आपापल्या माणसांची काळजी वाहणाऱ्या, एकमेकांवर मुळीच विश्वास नसलेल्या माणसांनीही तो कायद्यात लिहून ठेवला. म्हणूनच तो पुढे कुणी मोडू नये यासाठी आपण जागे राहावे लागते. यंदाच्या फराळाला "कुणाच्या ओळखीने?" हा प्रश्न आलाच, तर "परीक्षा देऊन" असे उत्तर देणाऱ्या पोराच्या ताटात एक करंजी जास्त वाढावी.